पाहुण्याचे जपान आणि रहिवाशाचे जपान
(मराठी परदेशलेखनाच्या एका अंगाचा विचार)

१

मराठीतील परदेशविषयक लेखनाचा विचार करताना आपल्या समीक्षेने ‘प्रवासवर्णन’ हा एकच वाङ्मयप्रकार प्रमाण मानलेला दिसतो. परदेशाविषयी जे काही लिहिले गेले ते सारे या एका सदरात घालावयाचे, आणि मग त्यात निसर्गवर्णन किती, व्यक्तिचित्रे किती, लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचा रंग किती, याचा हिशेब मांडावयाचा, ही आपली रूढ रीत आहे. पदव्युत्तर वर्गांतील प्रबंधिकाही बहुधा याच रीतीने लिहिल्या जातात. परंतु परदेशी जाणे आणि परदेशी राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे वाङ्मय दुसरीच्या मापाने मोजता येत नाही आणि दुसरीचे पहिलीच्या मापाने तर मुळीच नाही. हा भेद नीट न केल्यामुळे मराठी समीक्षेकडे आज दीर्घकालीन परदेशवासाच्या लेखनाला लावता येईल असा निकष नाही, आणि निकष नसल्याने असे लेखन करणाऱ्यालाही प्रवासवर्णनाच्या साच्याकडेच वळावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी जपानचे उदाहरण घेण्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे जपानविषयी मराठीत दोन मान्यवर लेखकांची पुस्तके १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच झाली, आणि त्यांनी मराठी वाचकाच्या मनातील जपानची प्रतिमा बरीचशी घडविली. दुसरे म्हणजे त्यानंतरच्या काळात, विशेषतः १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, मराठी कुटुंबे जपानमध्ये वस्तीला राहू लागली. म्हणजे पाहुण्याचे वाङ्मय आधी तयार झाले आणि रहिवासी मागाहून आला. या क्रमाचा परिणाम काय झाला, हे पाहणे उद्बोधक आहे.

२

प्रभाकर पाध्ये यांचे ‘तोकोनोमा’ १९६१ मध्ये आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाध्ये यांच्या पुस्तकाचे शीर्षकच आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तोकोनोमा म्हणजे पारंपरिक जपानी दिवाणखान्यातील एक किंचित उंच कोनाडा. त्यात ऋतूला साजेसे एखादे लांबट चित्र किंवा अक्षरपट टांगलेला असतो, खाली फुलांची मांडणी असते. बैठकीच्या रीतीप्रमाणे मुख्य पाहुण्यास या कोनाड्याच्या लगतची जागा मिळते आणि यजमान दाराजवळची, कमी मानाची जागा घेतो. पाहुणा घरात येतो, कोनाड्याकडे पाहून दाद देतो आणि त्याकडे पाठ करून बसतो.

प्रवासवर्णनकाराचे स्थान नेमके हेच असते. घरातील सर्वांत सुंदर जागा त्याच्यासाठी सजविलेली असते, तिचे दर्शन त्याला प्रथम घडते आणि त्या दर्शनाचे वर्णन हा त्याचा धर्मच असतो. त्यात खोटेपणा काही नाही. सजविलेला कोनाडा हाही त्या घराचा खरा भाग आहे. मात्र त्या घरात भांडी कोण घासतो, घराचे भाडे किती, शेजारणीशी बोलणे का तुटले, हे त्या जागेवरून दिसत नाही. ते दिसावे अशी अपेक्षाही रसिकाने ठेवू नये.

‘पूर्वरंग’चे बळ निराळ्या ठिकाणी आहे. ‘अपूर्वाई’प्रमाणेच येथेही विनोदाचा आधार प्रवाशाची अजाणता हाच आहे. मध्यमवर्गीय मराठी मनुष्य आपल्या सवयी, आवडीनिवडी आणि भीती यांचे गाठोडे घेऊन परक्या रीतींपुढे उभा राहतो, आणि त्याची जी त्रेधा उडते तिला तो स्वतःच हसतो. या आत्मोपहासामुळे परक्या समाजाची टवाळी टळते व वाचकाची सहानुभूतीही मिळते. परंतु या विनोदाला काळाची मर्यादा आहे. आठ दिवस अजाण असलेला मनुष्य गमतीचा वाटतो. वीस वर्षांनीही अजाण असलेला मनुष्य करुण वाटू लागतो. आणि जो जाणता झाला त्याची त्रेधा उडत नाही, म्हणून त्याच्यापाशी तो विनोदच उरत नाही. रहिवाशाला विनोद करावयाचा झाला तर त्याचा विषय बदलावा लागेल. बहुधा तो विषय म्हणजे मायदेशाहून दोन महिन्यांसाठी आलेला आप्त आणि त्याला शहर दाखविताना स्वतःच अर्धा जपानी झाल्याचे जाणवून चपापणारा यजमान हा असेल.

३

रहिवाशाचा आणि पाहुण्याचा मूलभूत भेद काळाचा आहे. पाहुण्याच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट एकदा घडते. एकदाच फुललेली चेरी, एकदाच घेतलेला चहाचा विधी, एकदाच केलेला आगगाडीचा प्रवास. ‘अपूर्व’ हा शब्द म्हणूनच प्रवासवर्णनाला शोभतो. रहिवाशाच्या जीवनात गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, आणि त्यांचा अर्थ पुनरावृत्तीतूनच उमगतो.

कचऱ्याचे उदाहरण घेऊ. जपानी नगरांत जाळता येणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या व कागद यांचे वार ठरलेले असतात. चुकीच्या वारी ठेवलेली वा नीट न निवडलेली पिशवी, कारण सांगणारी चिठ्ठी डकवून, जागीच ठेवली जाते. पाहुण्याच्या लेखणीतून याचे वर्णन आले तर ते शिस्तीचे कौतुक असते. रहिवाशाला मात्र ठाऊक असते की त्या जागी राहिलेल्या पिशवीकडे पाहून इमारतीतील मंडळी प्रथम कोणत्या घराचा विचार करतील. पुष्कळ ठिकाणी कचऱ्याची जागा झाडण्याची पाळी घरोघर फिरते. ज्या दिवशी ती पाळी कोणी न सांगता आपल्याही दारी येते, त्या दिवशी रहिवाशाला आपण शेजारी झाल्याचे कळते. केवळ कौतुकाने किंवा केवळ तक्रारीने ही गोष्ट सांगता येत नाही. तिला अनेक महिन्यांचा काळ लागतो.

कायद्याची आणि कागदांची गोष्टही अशीच आहे. ९ जुलै २०१२ पर्यंत जपानमधील परदेशी रहिवाशांची नोंद एका स्वतंत्र कायद्याखाली होत असे. जपानी कुटुंबाच्या रहिवासी-नोंदीत, ज्याला ‘जूमिनह्यो’ म्हणतात त्यात, परदेशी पतीचे वा पत्नीचे नाव घरातील व्यक्ती म्हणून सामान्यतः येत नसे. एका छपराखाली संसार करणारे माणूस कागदावर त्या घरात नाही, ही स्थिती पुष्कळांनी वर्षानुवर्षे अनुभवली. त्या तारखेपासून परदेशीयांची नोंदही त्याच वहीत होऊ लागली. परदेशीयांच्या बोटांचे ठसे घेण्याची नोंदणीतील पद्धत २००० मध्ये पूर्णपणे बंद झाली. पुढे नोव्हेंबर २००७ पासून देशात प्रवेश करतानाच ठसे घेण्यास आरंभ झाला आणि त्यातून दीर्घकालीन रहिवासीही सामान्यतः सुटले नाहीत. सुटीहून घरी परतणाऱ्याला प्रत्येक वेळी आपण परके असल्याची आठवण करून देणारा हा विधी आहे. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मागील पाच वर्षांत भाड्याचे घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाल्याचे त्यात नमूद आहे.

तोक्योच्या पूर्वेकडील एदोगावा विभागात निशी-कासाई येथे भारतीयांची जी वस्ती झाली, तिच्यामागेही अशीच व्यवहारी कारणे होती. इसवी सन २००० च्या आरंभी संगणकांत उद्भवणाऱ्या तारखेच्या अडचणीसाठी भारतीय तंत्रज्ञ मोठ्या संख्येने आले. त्यांच्या कचेऱ्या ज्या भागात होत्या तेथवर निशी-कासाईहून थेट भुयारी रेल्वे होती. शिवाय तेथील निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदार किंवा घरमालकाला द्यावयाची परत न मिळणारी रक्कम लागत नसे. चेरीच्या फुलांनी नव्हे, तर जामीनदाराच्या अडचणीने मराठी मनुष्याचा तोक्योतील पत्ता ठरविला. २०२३ च्या अखेरीस जपानमधील परदेशी रहिवासी सुमारे ३४ लाख होते. त्यांत भारतीय ५० हजारांहून थोडे कमी, म्हणजे एकूण संख्येच्या मानाने मूठभरच.

या मूठभरांतून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ पुढे आले. ते १९९७ मध्ये विद्यार्थी म्हणून प्रथम जपानला गेले, २०१२ मध्ये त्यांनी जपानी नागरिकत्व घेतले आणि एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा विभागाच्या सभेवर ६,४७७ मते मिळवून निवडून आले. २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातील एका सरकारी उच्च माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. आपल्या वृत्तपत्रांनी या घटनांचे वर्णन ‘मराठी माणसाचा झेंडा’ या थाटात केले, आणि ते स्वाभाविक होते. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता निवडणूक हा या कथेतील सर्वांत कमी महत्त्वाचा भाग ठरेल. १९९७ आणि २०१९ यांच्या दरम्यानची बावीस वर्षे हे तिचे खरे द्रव्य आहे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर पुष्कळ परदेशी जपान सोडून गेले आणि त्यांच्यासाठी एक बोचरा कोटीवजा शब्दही प्रचारात आला. त्या आठवड्यात जावे की राहावे हा प्रश्न तेथील प्रत्येक मराठी घरात, मायदेशाहून येणाऱ्या दूरध्वनीच्या साक्षीने, उभा राहिला असणार. पाहुण्याला असा प्रश्न पडत नाही, त्याचे परतीचे तिकीट काढलेलेच असते. यशोगाथेच्या साच्यातही तो मावत नाही, कारण जे गेले ते भित्रे आणि जे राहिले ते शूर अशी सोपी वाटणी त्यात करता येत नाही.

४

रहिवाशाच्या अनुभवाला आणखी एक अडथळा आहे, तो भाषेचा. आपले जपानविषयक लेखन बरेचसे इंग्रजीतून आलेल्या जपानकडे पाहून झाले आहे. घरात शिरताना पायताण काढण्याच्या रीतीवर युरोपीय लेखकाने आश्चर्य व्यक्त करावे हे समजण्यासारखे आहे. उंबऱ्याबाहेर वहाणा काढणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकासाठी लिहिताना मराठी लेखकानेही तेच आश्चर्य व्यक्त केले, तर ते आश्चर्य उसने आहे असेच म्हणावे लागेल.

याहून बोलके उदाहरण निरोपाचे आहे. घराबाहेर पडताना जपानी मनुष्य ‘इत्तेकिमास’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’ असा आहे. घरातील माणूस ‘इत्तेराश्शाइ’ म्हणजे ‘जाऊन या’ असे उत्तर देतो. इंग्रजीत या जोडीला प्रतिशब्द नाही, म्हणून इंग्रजी पुस्तके तिच्यावर परिच्छेद खर्च करतात. मराठीत मात्र ‘जातो’ म्हणणे अशुभ मानून ‘येतो’ म्हणण्याची आणि ‘या’ म्हणून निरोप देण्याची रीत घरोघरी आहे. येथे मराठी लेखकाला स्पष्टीकरणाची गरजच नाही. त्याने पात्राच्या तोंडी ‘येतो हं’ घातले की काम झाले. तरीही तो मूळ जपानी शब्द देऊन त्यावर टीप लिहितो, तेव्हा जवळचे दूर करून दाखविण्याची प्रवाशाची सवय त्याने सोडलेली नसते.

क्रियापद शेवटी, विभक्तीचे काम करणारे शब्द नामामागून, आणि समोरच्याच्या मानाप्रमाणे बदलणारी क्रियापदे, ही जपानीची लक्षणे मराठीला अपरिचित नाहीत. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या पायऱ्या असलेली आपली भाषा जपानी संभाषणाचा तोल इंग्रजीपेक्षा अधिक राखू शकते. कचेरीतील वरिष्ठ, बालवाडीतील शिक्षिका, शेजारची वृद्धा आणि मुलाचा मित्र या चौघांशी जपानीत चार तऱ्हांनी बोलणारी मराठी गृहिणी मराठीतही ते चार स्वर उमटवू शकेल. यासाठी इंग्रजीचा पूल मध्ये नको. ‘अंतरीचे’ आणि ‘दर्शनी’ अशा अर्थाच्या दोन-चार जपानी शब्दांनी साऱ्या समाजाचा उलगडा करण्याची जी हौस दिसते, तीही त्या पुलावरूनच आलेली आहे. मनातले आणि जनातले यांत अंतर ठेवण्याची कला फक्त जपान्यांनाच येते, असे म्हणण्यास संयुक्त मराठी कुटुंबात वाढलेला कोणीही धजणार नाही.

उलट जेथे खरे अंतर आहे तेथे लेखन थबकते. मराठी नावात स्वतःचे, पित्याचे वा पतीचे आणि घराण्याचे असे तीन शब्द असतात. जपानी नावात मधल्या शब्दाला स्थान नाही. परकी नावे लिहिण्याच्या जपानी लिपीत ‘ळ’ नाही, ‘ल’ आणि ‘र’ यांचा भेद नाही. ‘काळे’ हे आडनाव त्या लिपीत शिरले की ते ‘तो’ या अर्थाच्या सर्वनामाच्या आणि रस्सा-भाताच्या नावाच्या जवळ जाऊन बसते. याला हसता येते, परंतु रोज त्याच नावाने हाक ऐकणारे मूल काही वर्षांनी स्वतःही आपले आडनाव तसेच उच्चारू लागते. ती घटना विनोदाच्या पलीकडची आहे.

५

मग या अनुभवाला मराठीत पूर्वपरंपराच नाही काय? आहे, परंतु आपण ती प्रवासवर्णनाच्या कपाटात चुकीच्या जागी ठेवली आहे. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास पोहोचल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. परतताना त्या जपान आणि हाँगकाँग या मार्गाने आल्या. १८८९ मध्ये त्यांचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नावातील क्रम महत्त्वाचा आहे: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, घरगुती राहणी, शिक्षण, स्त्रियांची स्थिती अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. ज्या समाजाचे गुण त्या मोकळेपणाने सांगतात त्याच समाजाने कृष्णवर्णीयांशी आणि मूळच्या रहिवाशांशी केलेला अन्याय सांगण्यासही त्या कचरत नाहीत. पाहुणचाराचे ओझे न बाळगता उपकार मानणे त्यांना साधले होते.

आनंदीबाईंची अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेली पत्रे हा दुसरा आधार. थंडीसाठी लुगडे गुजराती पद्धतीने नेसण्याचा त्यांचा निर्णय आणि त्याविषयी पतीला द्यावे लागलेले उत्तर पाहावे. वस्त्र, हवा, लज्जा, पतीचा शब्द आणि परक्यांची नजर इतक्या गोष्टी एका नेसण्यात गुंतलेल्या असतात. दैनंदिन जीवन हा क्षुल्लक विषय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग अवश्य अभ्यासावा.

तिसरा आधार परदेशाशी संबंध नसलेला वाटेल, परंतु तो सर्वांत मोलाचा आहे. तो म्हणजे रमाबाई रानडे यांच्या १९१० मधील ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’पासून लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पर्यंत आलेली स्त्रियांच्या आत्मकथनाची परंपरा. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना निराळ्या समाजाच्या रीती एकेक करून ओळखाव्या लागल्या. कोणाच्या हातचे पाणी घ्यावयाचे हा प्रश्न त्यांच्या बाबतीत तत्त्वचर्चेने सुटला नाही, रोजच्या जगण्यातून सुटला. परक्या समाजात मुरण्याची ही क्रिया ज्या गद्याने पकडली तेच गद्य परदेशवासाला उपयोगी पडेल. जपानमध्येही ‘आश्रित’ या प्रवर्गात पतीबरोबर वा पत्नीबरोबर गेलेल्या जोडीदाराला वेगळी परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंतच काम करता येते. दुकानदार, शाळा, दवाखाना, शेजार यांच्याशी रोजचा संबंध या जोडीदाराचाच अधिक येतो. कंपनीतील नोकरदारापेक्षा जपानचे अधिक ज्ञान त्याच्यापाशी, म्हणजे बहुधा तिच्यापाशी, असते.

या मताला जपानच्याच वाङ्मयेतिहासातून पुष्टी मिळते. लाफकाडिओ हर्न १८९० मध्ये जपानला गेले, तेथील सेत्सु यांच्याशी त्यांनी विवाह केला, १८९६ मध्ये नागरिकत्व घेऊन ते कोइझुमी याकुमो झाले आणि १९०४ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या १८९४ च्या पहिल्या जपानविषयक ग्रंथाच्या नावातच ‘अपरिचित’ हा शब्द आहे; मृत्यूच्या वर्षी निघालेल्या अखेरच्या ग्रंथाला त्यांनी ‘अर्थ लावण्याचा प्रयत्न’ म्हटले. दर्शनाकडून अर्थाकडे झालेला हा प्रवास लक्षणीय आहे. परंतु पतिपत्नी घरात जी मोडकीतोडकी, दोघांपुरती जपानी बोलत, जिला ‘हेरुन-सान-कोतोबा’ म्हणजे हर्नसाहेबांची बोली म्हणत, तिची ओळख आपल्याला सेत्सु यांच्या आठवणींतून होते. ग्रंथकार पतीने देशाचा अर्थ लावला आणि संसाराची भाषा पत्नीने जपली. अशा दोन्ही बाजू एकत्र आल्याशिवाय रहिवाशाचे वाङ्मय पुरे होत नाही.

६

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. जपानमधील परक्यांनी आपले अनुभव लिहिले नाहीत असे नाही. त्यांनी ते जपानीत लिहिले. कोरियन वंशाचे री काइसेइ यांना १९७१ च्या उत्तरार्धाचे आकुतागावा पारितोषिक मिळाले. २००८ मध्ये चीनहून आलेल्या यांग यी यांना, आणि २०२१ मध्ये तैवानहून आलेल्या ली कोतोमी यांना तो मान मिळाला. यात जपानी भाषेचा लाभ झाला. निशी-कासाईत वाढणाऱ्या मराठी मुलांपैकी कोणी उद्या लेखक झाले, तर तेही जपानीत किंवा इंग्रजीत लिहील, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. मराठीत हे जीवन लिहू शकेल अशी पिढी एकच आहे: जी येथे वाढून तेथे गेली ती. तिचे वय वाढते आहे. या पिढीने सणासुदीच्या स्मरणिकांत फुलांची वर्णने आणि यशाच्या हकीकती एवढेच लिहिले, तर तिचे वीस-पंचवीस वर्षांचे जगणे मराठीला अज्ञातच राहील.

याची जबाबदारी लेखकांइतकीच समीक्षकांवर आहे. आपण अपूर्वतेलाच दाद देत राहिलो तर लेखक अपूर्व तेच पुरवील. म्हणून अशा लेखनासाठी काही निराळे प्रश्न विचारावे लागतील. लेखकाने एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहिली ती सांगितली, की शंभराव्यांदा केली ती? आश्चर्य त्याचे स्वतःचे आहे की इंग्रजी पुस्तकातून उसने घेतलेले? परक्या माणसाच्या तोंडी घातलेल्या मराठीत ‘तू’ आणि ‘आपण’ यांचा तोल आहे काय? यजमान समाजाचा दोष सांगताना तो कृतज्ञता विसरतो काय, आणि कृतज्ञता व्यक्त करताना दोष लपवितो काय? घरात बोलली जाणारी खरी भाषा, मोडकी असली तरी, लेखनात उतरली आहे काय?

विद्यार्थ्यांनी या प्रश्नांच्या आधारे आनंदीबाईंची पत्रे, रमाबाईंचा ग्रंथ आणि जपानविषयक दोन प्रवासवर्णने यांचा एकत्र अभ्यास केल्यास पाहुणा आणि रहिवासी यांच्या दृष्टींतील भेद त्यांना उदाहरणांसह दाखविता येईल. त्याबरोबरच परदेशस्थ मराठी कुटुंबांची पत्रे आणि रोजनिशा जमविण्याचे काम विभागांनी हाती घेणे इष्ट आहे. ‘तोकोनोमा’ आणि ‘पूर्वरंग’ यांचे मोल त्यामुळे कमी होणार नाही. पाहुण्याने जे पाहिले ते त्याने उत्तम सांगितले; दाराजवळच्या जागेवर बसलेल्या माणसाला काय दिसते, हे मराठीत अद्याप सांगावयाचे आहे.